मोठ्यानं घेतलेली नावं

फॅटनाना अंगाने काडीसारखे, पण आवाज वेशीपर्यंत जायचा. गावच्या डेअरीवर दुधाचं माप घेणं आणि त्यातलं फॅट मोजणं हे त्यांचं काम, त्यावरून हे नाव पडलेलं. कुणाचं दूध किती भरलं, फॅट किती लागलं, हे ते रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं सांगायचे. "मोठ्यानं सांगितलं की मला खोटं बोलता येत न्हाई, आन् तुमाला बी न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

एकदा गयाबाईच्या दुधात पाणी निघालं. म्हातारी हात जोडत होती, "नाना, हळू बोला." नानांनी तेही नेहमीच्याच आवाजात सांगितलं. पुढे बरेच दिवस ती सुनेला धाडायची. मला नानांचा राग आला होता, पण त्यांच्या मापावर गावात कुणी कधी संशय घेतला नाही.

बायको गेल्यावर नाना एकटे पडले. माझी आई त्यांना रोज संध्याकाळी भाकरी-कालवण पाठवायची. सकाळी रिकामा डबा देताना ते म्हणायचे, "वहिनी, कालच्या कालवणाला फॅट चांगलं लागलं."

कोरोनात शिर्डीची हॉटेलं, पेढ्यांची दुकानं बंद झाली आणि दुधाचा भाव कोसळला. मग दुधवाल्यांना गायीमागे सरकारी मदत आली. यादी करायचं काम डेअरीच्या कमिटीकडे, आणि कमिटीत आबा, माझे वडील. पैसे जमा झाल्यावर नाना म्हणाले, "सरकारचा पैका हाय. कुणाला किती मिळाला ते समद्यांना कळू द्या." आणि सकाळी रांगेसमोर यादी वाचायला लागले.

आमच्या गोठ्यात एकच गाय होती. यादीत आबांच्या नावावर पाच होत्या. मला हे माहीत होतं, आईला नव्हतं. ती किटली घेऊन माझ्यापुढेच उभी होती. आमच्या नावापाशी येताच नाना तिच्याकडे बघून खोकले आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं. रांगेला काय समजायचं ते समजलं. गयाबाई तेवढी म्हणाली, "नाना, माझ्या येळंला बी असाच खोकला यायला पायजे हुता."

नानांनी वाचणं तिथेच थांबवलं. दुसऱ्या दिवसापासून ते फॅटसुद्धा पुटपुटल्यासारखं सांगू लागले.

आईने आबांना फैलावर घेतलं. आबांनी नगरला जाऊन पैसे परत भरले, पण गुपचूप. ते नानांना सांगायला मी गेलो. वाटलं, त्यांना बरं वाटेल. ते म्हणाले, "मला कशाला सांगतो? उद्या रांगेत सांग. चुकलं हुतं, भरलं, येवढंच. मंजी मला बी तोंड उघडता यील." मी हो म्हणालो.

रांगेत मी नुसतं दूध घातलं आणि निघून आलो. आबांची अब्रू जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मलाच लाज वाटत होती. नंतर कितीतरी सकाळी किटली ओतून घेताना नाना क्षणभर थांबायचे, माझ्याकडे बघायचे. मी दुधाकडे बघत राहायचो. हळूहळू त्यांनी थांबणं सोडलं, मग काम सोडलं, आणि मुलीकडे श्रीरामपूरला गेले. तिथेच वारले.

परवा सलूनमध्ये त्यांचा विषय निघाला. एकजण म्हणाला, "आबाकडनं वाटा घेतला आसंल नानानं. उगाच नाव गाळतंय व्हय कुनी?" मी शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो. दाढी झाली, पैसे दिले आणि घरी आलो.