कान टोचले तेव्हा रक्त किती गेलं?

भिवंडीतल्या निम्म्या माणसांचे कान कधी टोचले आणि त्यानंतर रक्त किती वेळ वाहिलं, हे तोंडपाठ असलेला माणूस जगात एकच. तो म्हणजे आमचे भुलीचे डॉक्टर. ऑपरेशन थिएटरात मी त्यांच्या हाताखाली टेक्निशियन होतो. ते रिपोर्ट बघत, पण विश्वास ठेवत तो पेशंटच्या घरातल्या म्हाताऱ्यांवर. बायकांना कान, मुसलमान पुरुषांना सुंता, बाकीच्यांना दाढ. एका लूमवाल्याला त्यांनी विचारलं होतं, "दाढ निकाली तब तकिये कितने खराब हुए?" तो बिचारा बोटं मोजत बसला. मुलासाठी मुलगी पाहायला गेले तिथेही पोहे खाता खाता मुलीच्या आईकडे हीच चौकशी केली. लग्न मोडता मोडता राहिलं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीच्या टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं. तिला जन्मापासून नूनन सिंड्रोम आहे. उंची बेताची, हृदयाची झडप जरा अरुंद. हृदयाच्या डॉक्टरांनी परवानगी दिली होती, रक्ताचे नेहमीचे रिपोर्टही चांगले होते. पोर सकाळपासून उपाशी, सर्जन हात धुऊन तयार, आणि आमचे डॉक्टर बाहेर बाकावर, खारबावहून आलेल्या माझ्या आईशेजारी.

"कान टोचले तवा दोन दिस रगत थांबला न्हाय," आई सांगत होती. "सोनार बोलला, अंगात उष्णता हाय."

डॉक्टर उठले आणि त्यांनी ऑपरेशन रद्द केलं. सर्जन तडकले. पोर रडायला लागली तसा मीही तडकलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, की निदान माझ्या घरच्यांवर तरी तुमचा हा छंद नको. ते शांतपणे म्हणाले, "या सिंड्रोममध्ये रिपोर्ट चांगले असूनही रक्त न थांबण्याचा धोका असतो. कान बोटाने दाबून धरता येतो रे, घसा नाही."

मुंबईत खास तपासणी झाली. प्लेटलेट्स पुरेशा होत्या, पण काम नीट करत नव्हत्या. मग तिथल्याच मोठ्या हॉस्पिटलात, रक्ताच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने, आधी औषध देऊन आणि प्लेटलेट्सच्या पिशव्या हाताशी ठेवून ऑपरेशन झालं. डॉक्टर आपली कामं सोडून आमच्याबरोबर आले. तिथे त्यांना आत प्रवेश नव्हता. तीस वर्षं दाराच्या आत काढलेला माणूस माझ्याशेजारी बाहेरच्या खुर्चीत बसला. चहा नको म्हणाले, पेपर नको म्हणाले. बऱ्याच वेळाने हळूच बोलले, "बाहेर इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं."

दार उघडलं. रक्त फारसं गेलं नाही, मुलगी छान आहे, असं नर्सने सांगितलं. मी माफी मागायला वळलो, तर डॉक्टर चष्मा काढून भिंतीकडे तोंड करून उभे होते. आता ते निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला राहतात. माफी मागायची राहिली ती राहिलीच.