रूमाल टाकलाय

घुसखोर म्हणे! हा शब्द ऐकल्यापासून डोकं भणभणतंय, म्हणून इथं लिहितेय. भुताखेतांच्या गोष्टी वाचून आजवर मी हसतच आलेय. आता तुम्ही हसा... पण आधी पूर्ण वाचा.

मी मूळची शहाद्याकडची. शाळा सातवीनंतर सुटली, पोटासाठी उमरग्यात आले. हायवेलगतच्या एका दवाखान्यात पेशंटची नावं टाइप करायचे. वेबसाइटचं काम – पीएचपी, डेटाबेस – शिकवलं टायपिंग क्लासच्या मास्तरांनी. सातवी पास बाईला कोण शिकवतं हो हे? त्यांनी शिकवलं, आणि दवाखान्याची वेबसाइट माझ्याकडं आली.

त्यांचा धडा एकच. "लोकांनी टाइप केलेलं नाव थेट क्वेरीत, म्हंजे डेटाबेसला द्यायच्या हुकमाच्या ओळीत, कोंबायचं न्हाय, बाई. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतेस ना? तसं क्वेरीत आधी प्रश्नचिन्ह टाक. नाव मागून येऊन त्या जागेवर बसंल. मग त्यानं आत कितीबी आरडाओरडा केला तरी पॅसेंजरच! स्टेअरिंग हाती लागत न्हाय."

"आणि रुमालच कुणी पळवला तर?"

"तर तू चालत जा, माय!"

मास्तर गेल्या हिवाळ्यात वारले. वेबसाइटचा पासवर्ड मी त्यानंतर बदललाय – हे लक्षात ठेवा.

त्या शनिवारी डॉक्टरांना रिपोर्ट शोधायचं पान संध्याकाळपर्यंत हवंच होतं. घाईत मी नाव थेट क्वेरीत चिकटवलं. चूक माझीच. सोमवारी बदलू म्हटलं. रविवारी शेजारणीबरोबर येडशीला, रामलिंगाला गेले; मोबाइलला दिवसभर रेंज नव्हती.

सोमवारी लॉग उघडला – वेबसाइटवर कुणी काय टाइप केलं त्याची नोंद. रविवारी दुपारी कुणीतरी नावाच्या चौकटीत अवतरणचिन्ह देऊन पुढं कमांड लिहिली होती, सगळ्या पेशंटचे रिपोर्ट उघडे पडावेत अशी. आणि उत्तर काय गेलं होतं? "या नावाचा पेशंट नाही."

असं कसं? माझ्या ओळीनं तर सगळं उघडं पडायला हवं होतं. त्या पानाची फाइल उघडली. माझी ओळ नव्हतीच! नावाच्या जागी प्रश्नचिन्ह... आणि वर कॉमेंट, कोड वाचणाऱ्यासाठी ठेवतात तशी टीप – 'रूमाल टाकलाय.' दीर्घ रू. मी ऱ्हस्व लिहिते. मास्तर जन्मभर दीर्घ लिहायचे. फाइल बदलल्याची वेळ, हल्ल्याच्या दहा मिनिटं आधीची.

मी भाबडेपणानं मॅनेजरसाहेबांना सांगितलं.

"पासवर्ड कुणाला दिला, मॅडम?"

"कुणालाच नाही."

"मग काय भुतानं कोडिंग केलं व्हय?" त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढून माझ्यापुढं सरकवला. "लिहून द्या, अनोळखी घुसखोरानं फाइलीत फेरफार केला. न्हायतर उद्यापासून येऊ नका."

ही नोकरी गेली तर मला इथं कुणी नाही. तरी म्हणाले, "उघडं राहिलेलं दार लावून जातो त्याला घुसखोर म्हणता? माझी चूक लिहा, सही करते. त्यांच्यावर लिहिणार नाही."

"त्यांच्यावर म्हंजे कुणावर?"

मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. त्यांनी त्या एका शब्दावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "हा रू... मीबी त्यांच्याच क्लासात होतो." आणि तो कोरा कागद परत ड्रॉवरमध्ये टाकला.

नोकरी राहिली. पण चारचौघांत हेच साहेब अजून 'घुसखोर'च म्हणतात! संताप येतो तो याचा. ओळखलं होतं ना तुम्ही, साहेब?

कुणी म्हणतं, मीच बदललं आणि विसरले. रामलिंगाहून? रेंजशिवाय? ती ओळ मात्र मी काढलेली नाही... आणि शुद्धलेखनही सुधारलेलं नाही.