निर्मला मॅडमचं सीलबंद वाक्य

निर्मला मॅडम कुणाशी भांडत नसत. ज्याच्यावर राग, त्याच्याशी त्या जास्तच गोड बोलत, आणि आम्ही समजून जायचो की आता याचं काही खरं नाही. राहात्याच्या कॉलेजात त्या कॉम्प्युटर शिकवायच्या, मी त्यांच्या हाताखाली. वर्गात भाषा पुस्तकी; राग आला की गावाकडची. "राग लोनच्यावानी मुरू द्यावा," म्हणायच्या. "घाई केली की कच्चा लागतो."

नगरपालिकेच्या व्यापारी संकुलातल्या गाळ्यांची सोडत अध्यक्षांनी ऑनलाइन काढली. मोबाईलवर रंगीत चक्र गरगर फिरलं आणि कोपऱ्याचा गाळा नेमका त्यांच्या मेव्हण्याला लागला. तिथे मॅडमना क्लास काढायचा होता. त्यांनी शंका विचारली, तर अध्यक्ष भर सभेत म्हणाले, "बाई, नशीब काय कॉलेजात शिकवत न्हाईत." सगळे हसले, मॅडमही हसल्या. घरी जाऊन त्यांनी ते चक्र तपासलं. काय सापडलं ते मलाही सांगितलं नाही.

उरलेल्या गाळ्यांसाठी लोक आता अध्यक्षांवर भरवसा ठेवेनात. मॅडमनी अध्यक्षांनाच नवी पद्धत सुचवली, तीही इतक्या आदरानं की ते फुगले. प्रत्येकानं एक वाक्य लिहून पाकिटात सीलबंद करायचं. कॉम्प्युटर त्या वाक्याचा ठसा काढतो, म्हणजे अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळ. ठशावरून वाक्य ओळखता येत नाही, पण वाक्यात एक काना बदलला तरी ठसा बदलतो. ठसे आधीच ग्रुपवर टाकायचे, सोडतीला पाकिटं फोडून जुळवायचे आणि सगळी वाक्यं एकत्र करून त्यातून निकाल काढायचा. मग तो कुणा एकाला ठरवता येत नाही. एक जरी वाक्य राहिलं तर सोडत रद्द. वाचायचा मान अर्थातच अध्यक्षांना.

हॉल भरला होता. मॅडमचं पाकीट फोडून अध्यक्ष थबकले, मग म्हणाले, "सर्वांना शुभेच्छा." मी तेच टाइप केलं. पडद्यावर ठसा जुळेना.

"चष्मा लावा, साहेब," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा काहीतरी वाचलं, पुन्हा जुळेना. लोक उठून पुढे आले. घाम पुसत अध्यक्षांनी अखेर वाचलं, "मागच्या सोडतीत चक्र फिरायच्या आधीच मी माझ्या मेव्हण्याचं नाव आत घातलं होतं."

ठसा जुळला. मला इतका आनंद आयुष्यात क्वचित झाला असेल. मॅडमनी लगेच त्या चक्राचा प्रोग्राम पडद्यावर उघडला. नाव तिथे लिहिलेलंच होतं. अध्यक्ष मागच्या दारानं गेले.

सोडत मात्र उरलेली पाकिटं फोडून पुरी झाली, आणि मॅडमना गाळा लागला नाही. बाहेर आल्यावर मी हळहळलो.

"बरंच झालं," त्या चप्पल घालत म्हणाल्या. "न्हाईतर त्याला वाटलं असतं, म्या गाळ्यासाठी केलं."