सलाईन आणि केळीवाले आबा

शहाद्याच्या दवाखान्यात माझ्या मुलाच्या शेजारच्या खाटेवर जुलाबाने गळून गेलेली एक चिमुरडी होती. उशाशी तिचे ब्राह्मणपुरीचे आजोबा. नाव विचारायचं राहूनच गेलं, पण केळीची बाग त्यांनी मला पानापानानं सांगितली. सलाईनच्या नळीलाही ते शेतातल्या ठिबकसारखी टिचकी मारून बघायचे.

डॉक्टरीणबाई आल्या तसे आबा म्हणाले, "पिवळी बाटली लावा ताई, तिन्हामा जास्त ताकद राहस."

"व्हिटॅमिन घातलं की ती पिवळी दिसते, आबा. हिच्या अंगातलं पाणी आणि मीठ गेलंय, म्हणून मिठाची लावलीय. थोडी साखरही आहे त्यात."

"म्हंजे पीक दखीसन खत!" पीक पाहून खत, हा हिशेब पटून आबा खूश.

दुपारी गेलेली वीज आली, पंखा फिरला आणि आबांनी ताडकन उठून सलाईनच्या नळीवरचं चाक पूर्ण सोडलं. सिस्टर धावल्या, चाक आवळलं. "एवढं एकदम गेलं तर पोरीला धाप लागेल ना!"

आबांचा चेहरा एवढासा झाला. "लाईट उनी का बागले पानी सोडनं पडस, बहिन. हातले सवय शे."

रागावलेल्या सिस्टरलाही हसू आवरेना.

संध्याकाळी वीज पुन्हा गेली. आबांनी आधीच दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. पंखा फिरला, तशी इतका वेळ मलूल पडलेली पोरगी डोळे उघडून म्हणाली, "आबा, लाईट उनी! माले पानी सोड ना!"

सिस्टरने मान डोलावली. आबांनी हात मोकळे केले, ओआरएसचा पेला घेतला आणि चमच्याने पाणी सोडलं. थेंबाथेंबानं.