अण्णाच्या हौदातला फेस

हौदात पाणी सोडणाऱ्या नळाच्या तोंडाशी पहिला बुडबुडा दिसला, तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. मी उंदीर पाहिला म्हटलं तरी घरातली माणसं आधी माझ्याकडे बघून हसत, मग उंदराकडे बघत. दुसऱ्या दिवशी नळातून पाणी खोकत यायला लागलं, आणि आमच्या हौदाच्या गोष्टी साठायला लागल्या त्या तिथून. अजून आमच्या मळमड्डी पेठेतलं कुणी भेटलं की एक जण एक सांगतो आणि दुसरा "ती मामलेदारांची सांग की" म्हणतो.

हौद मात्र गमतीसाठी बांधलेला नव्हता. लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझ्या थोरल्या भावाचे, अण्णाचे, पाय तापातून उठल्यावर लुळे पडले होते. रोज पाण्यात चालला तर पाय धरतील, नाहीतर वाळत जातील, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. अप्पा वकील. त्यांनी परसात विहिरीच्या पाण्यावर पोहायचा हौद बांधला, शेजारी तेलावरचं इंजिन आणि पंप बसवला. पंप हौदातलंच पाणी खेचायचा आणि वाळूतून गाळून परत हौदात सोडायचा. पंप बिघडला की पाणी हिरवं, आणि हिरव्या पाण्यात अण्णाला उतरवायचं नाही.

*

हुबळीहून बसप्पा फिटर आला. पाइपाला कान लावून म्हणाला, "गाळी बरतैती." हवा आत येतेय हे मलाही बुडबुड्यांवरून कळलं होतं. कुठून येतेय, ते त्यालाही कळेना. पाइपांचे सगळे जोड सोडवून, फटी बुजवायला ताग आणि सफेदा भरून त्याने पुन्हा आवळले. पंप संध्याकाळपर्यंत नीट चालला आणि पुन्हा खोकायला लागला. मग बसप्पाने इंजिनापुढे नारळ फोडायला सांगितला.

खोबरं गोड निघालं. पंप तसाच.

*

त्यातच पाण्यावर फेस दिसायला लागला. शेजारचे निवृत्त मामलेदार छत्री टेकत आले. फेस बोटावर घेऊन उन्हात धरला, वास घेतला आणि विहिरीच्या झऱ्यातच दोष आहे असा निकाल दिला.

अण्णा खुर्चीतून म्हणाला, "मग झऱ्यावर समन्स काढू या?"

मामलेदार हसले नाहीत. अप्पाही नाहीत. मामलेदार गेल्यावर अप्पा हळूच मला म्हणाले की अमावास्येपर्यंत पाणी निवळलं नाही तर हौद मातीने भरून पेरू लावायचे. रोज आशेने काठावर येऊन, पाय पाण्यात सोडून बसणारा मुलगा त्यांना बघवत नव्हता.

*

फेसाचं मूळ मला न्हाणीघरात सापडलं. आत्या, अप्पांची विधवा बहीण, रोज सकाळी अण्णाच्या पायांना तेल चोळायची. मग तेल निघावं म्हणून रिठ्याचं पाणी लावायची, आणि गारठेल म्हणून ते न धुताच त्याला हौदाकडे पाठवायची.

मी भीत भीत सांगितलं. ती म्हणाली, "तेल तसंच ठेवलं तर पाण्यावर तवंग येईल. मग डॉक्टर बोलणार कुणाला, तुला की मला?"

रिठे चालूच राहिले.

*

हवेचा शोध उदबत्तीने लागला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत धुरावरून वाऱ्याची दिशा बघितलेली आठवली. देवघरातली उदबत्ती घेतली आणि इंजिन चालू असताना एकेका जोडाजवळ धरली. इंजिनाच्या ठोक्याठोक्याला मी दचकत होते, तरी धूर सरळ वर जात होता. पंपाच्या झाकणापाशी मात्र तो वाकला आणि आत गेला.

बसप्पाने झाकण उघडलं. आत, झाकण हवाबंद ठेवणाऱ्या चामड्याच्या वायसरच्या जागी तांबड्या रेशमाची घडी.

आत्या मागच्या दारात उभी होती. परसात काम करणाऱ्या माळ्याकडून तिनेच ती बसवून घेतली होती. "चामड्यातून आलेलं पाणी आजारी पोराच्या अंगाला लावायचं?" ती म्हणाली. "माझं सोवळ्याचं नेसू फाडून दिलंय. देवाला आणखी चिडवायचं नव्हतं मला."

अप्पांनी ते रेशीम उचलून उजेडात धरलं. अण्णाच म्हणाला, "आत्या, उद्या मी चामड्याच्या वहाणा घालून चालत आलो, तर घरात घेशील ना?"

आत्याने त्याच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "बसव रे बसप्पा."

*

नवं चामडं बसलं त्या सकाळी आत्याने रिठे दुप्पट लावले. चामड्याचा विटाळ जावा म्हणून असेल. अण्णाला बसप्पा आणि माळी या दोघांनी गळ्याइतक्या पाण्यात उतरवलं. काठालगत बांधलेला दोर धरून तो उभा राहायचा, हात सुटला की पाय दुमडायचे. मी पुन्हा उदबत्ती घेऊन पंपाशी गेले. धूर सरळ वर गेला. नळातून पाणी न खोकता, जोरात कोसळायला लागलं.

आनंदाने मागे वळले तर हौदात पाणीच दिसेना. काठाच्या वर फेस चढला होता. दोर सैल लोंबत होता आणि अण्णाचं डोकं कुठेच नव्हतं.

मी हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती मलाच ऐकू आली नाही. बसप्पाला हाताने खूण केली, इंजिन थांबलं. पुन्हा हाक मारली. अप्पा अनवाणी धावत आले. आत्या काठावरून दोन्ही हातांनी फेस उपसायला लागली. मी पायऱ्या उतरून कमरेपर्यंत फेसात शिरले आणि गळा फाटेस्तोवर "अण्णा" म्हणून ओरडले.

हौदाच्या मधोमध, जिथे दोर पोचत नव्हता, तिथला फेस हलला.

"कुमे, ओरडू नकोस. मी उभा आहे."