कासवाच्या मातीला

कंधारच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली तेव्हा दीर मला सोडायला आले होते. खिडकीतून पिशवी आत देत ते म्हणाले, "वैनी, दर्याकाठी निघालाव खरं, पर तिथं मासे खाऊन येऊ नका म्हंजे झालं." गाडीतली माणसं हसली. मी पदर ओढून घेतला. आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही.

मी तिकडे का निघाले ते आधी सांगते. माझ्या भावाची मुलगी शिवलीला कोकणात, समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्रात काम करते. जाळ्यात अडकून जखमी झालेली कासवं तिथे आणतात. मदतीला येणाऱ्यांना पगार नाही, पण राहणं-जेवण मिळतं. ती फोनवर म्हणाली, "आत्या, तू दिसभर भिंतीला टेकून बसतीस म्हनं. तसंच बसायचं तर इथं येऊन बस. समोर पानी तरी दिसंल."

भिंतीला टेकून बसण्याचं कारण माझे मालक. कोरोनात ते दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. मी दारावर डबा नेऊन द्यायची आणि संध्याकाळी तो भरलेलाच परत यायचा. त्यांना तिकडेच जाळलं. आमच्यात जाळत नाहीत. माणसाला बसवून, विभूती लावून जमिनीत ठेवतात आणि घरचं प्रत्येक माणूस मूठभर माती देतं. म्हणून तर आमच्याकडे 'मातीला जाऊन आलो' असं म्हणतात. राख घेऊन जा असा निरोप आला होता, पण दीर म्हणाले, "आपल्यात राख आनत न्हाईत." ते खरंच होतं. म्हणून कुणी गेलं नाही. सासऱ्यांच्या समाधीशेजारी मालकांची जागा होती, ती तशीच राहिली. मी त्यांना माती दिली नाही. दुसरं काही माझ्या डोक्यात येत नाही.

लातूरहून रात्रीच्या गाडीने कोल्हापूर आणि तिथून सकाळी घाट उतरून कोकण. आमच्याकडे रस्ता सरळ जातो आणि नजर पोचेल तिथवर हरभरा दिसतो. घाटात दहा हातांवरचं दिसेना. मला दोनदा उलटी झाली. शेजारच्या बाईने न विचारता माझ्या तोंडात आवळ्याची फोड घातली आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेली. तिचं नावही मला माहीत नाही.

समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा मला आनंद झाला नाही. शिवलीला माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काहीतरी बोलेन म्हणून. एवढं पाणी, आणि घोटभर पिता येत नाही, एवढंच माझ्या मनात आलं. मी म्हटलं, "लई मोठं हाय." तिचं तेवढ्यावर समाधान झालं.

केंद्र म्हणजे सुरूच्या झाडांमागची एक बैठी इमारत. एका खोलीत काचेच्या बाटल्यांत खेकडे, शिंपले, माशांची पिल्लं. मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली सिमेंटचे हौद. एकाच हौदात कासव होतं. परातीएवढं, राखाडी हिरवं. त्याचा पुढचा एक पाय नव्हता. समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्याची दोरी त्याच्या पायात रुतली होती, तो पाय कापावा लागला होता. ते पाण्यावर एका बाजूला कलंडून तरंगत होतं. शिवलीला म्हणाली, "बुडी मारता येईना त्याला, आत्या. खाईना बी. खाल्लं तरच जगंल."

मी वाकून पाहिलं. त्याने श्वास घ्यायला डोकं वर काढलं, फस्‌ असा आवाज केला आणि डोळा माझ्याकडे वळवला. मला परत आलेले डबे आठवले.

माझं काम ठरलं. सकाळी हौदाचं पाणी सोडायचं, तळ घासायचा, पंपाने समुद्राचं ताजं पाणी भरायचं आणि कासवाला खाऊ घालायचं. हौदातून सुटणारं पाणी वाळूत जिरताना बघून माझा जीव कळवळला. आमच्याकडे भांडी विसळलेलं पाणीसुद्धा झाडाला जातं. मी बादल्या भरभरून स्वयंपाकघरामागच्या मिरच्यांना घातल्या. चार दिवसांत मिरच्या करपून गेल्या. खारं पाणी आहे हे मला माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं.

रोज मासे घेऊन येणारी सुलू ते पाहून पोट धरून हसली. "अगो बाय, मिरच्येक मिठाचा पानी? झाडावरच लोणचा घालतंस काय?" पुढे ती मला सगळ्यांसमोर 'लोणच्या' म्हणायची. मला राग आला नाही. बऱ्याच दिवसांत माझ्याशी कुणी थट्टा केली नव्हती.

खरी अडचण पुढेच होती. कासव मासे खातं आणि ते चिरायचे कुणी? शिवलीला करत होती, पण तिला पहाटे किनाऱ्यावर कासवांची घरटी शोधत लांब चालत जावं लागे. ती म्हणाली, "तुला जमत नसंल तर ऱ्हाऊ दे, आत्या. मी येऊन करीन." पण ती येईपर्यंत ऊन चढायचं आणि कासव उपाशी असायचं.

गळ्यातलं इष्टलिंग आम्ही काढून ठेवत नाही. मी ते पाठीवर फिरवलं, वरून पदर घट्ट खोचला आणि पाटावर बसले. सुलूने माझ्यापुढे माकूल (हाडं नसलेला मऊ, लिबलिबीत मासा) टाकला. माझा हात पुढे होईना.

"घाबरतंस कित्याक (कशाला)?" सुलू म्हणाली. "मेलेलो मासो काय चावतलो?"

"चावायचं भ्या न्हाई," मी म्हटलं.

तिने माझ्या गळ्यातल्या दोऱ्याकडे पाहिलं. मग पहिला मासा तिने चिरला आणि विळी माझ्याकडे सरकवली. दुसरा मी चिरला. त्या दिवशी माझ्या पोटात अन्न गेलं नाही. शिवलीलेने केलेली भाकरी हातात घेतली की बोटांना वास यायचा.

कासवाने मात्र काही खाल्लं नाही. चिमट्यात तुकडा धरून मी तोंडापुढे हलवायची, ते मान फिरवायचं. केंद्राचे मुख्य, सगळे त्यांना सर म्हणतात, रोज येऊन इंजेक्शन द्यायचे. फार शांत माणूस. म्हणायचे, "मावशी, घाई करू नका. ते तुम्हाला ओळखू दे."

एका सकाळी त्याने तुकडा घेतला. चिमटा ओढला गेला तेव्हा मला कळलंच नाही काय झालं. मी दुसरा धरला, तोही घेतला. मी ओरडले, "शिवलीले! खाल्लं गं!" केंद्रातली माणसं बाहेर धावत आली, कारण माझा आवाज त्यांनी तोवर नीट ऐकलाच नव्हता. सुलू म्हणाली, "लोणच्या बोलली!" त्या दिवशी मीही जेवले. दुपारी वाळूवर बसून सुलूने दिलेली सोलकढी (कोकमाचं आणि नारळाच्या दुधाचं सार) प्याले. गुलाबी रंगाचं, आंबट, थंडगार. समुद्र तेव्हा बरा दिसला.

ते आठवडाभर खात होतं. मग एक दिवस पुन्हा मान फिरवली. मी चिमटा धरून ऊन डोक्यावर येईपर्यंत हौदाच्या काठावर बसले. तुकडा वाळून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग ते वर येऊन श्वास घ्यायला वेळ लावू लागलं. तिसऱ्या सकाळी मी पाणी सोडायला गेले तेव्हा ते कलंडलं होतं आणि डोळा उघडा होता, पण माझ्याकडे वळला नाही.

सरांनी त्याला आत नेऊन उघडून पाहिलं. मी बाहेर उभी होते. शिवलीला डोळे पुसत बाहेर आली. "फुप्फुसं भरली हुती, आत्या. आधीपास्नंच. आपल्या हातात काई नव्हतं."

दवाखान्यातूनही आम्हाला हेच शब्द सांगितले होते.

सुरूच्या झाडांखाली खड्डा खणला. कासवाला बारीक जाळीत गुंडाळून आणलं. जाळ्यानेच मेलं, पुन्हा जाळीतच का, असं मनात आलं, पण मी विचारलं नाही. वाळू लोटण्याआधी मी पुढे झाले. एरवी चार माणसांत मी पुढे होत नाही. कमरेच्या डबीतली विभूती काढून त्याच्या पाठीला लावली आणि मूठभर वाळू घातली. कुणी हसलं नाही. सुलूनेही एक मूठ घातली. शिवलीलेने घातली. मला बरं वाटलं. खूप दिवसांनी छाती मोकळी झाली. आता हे इथे राहील, येताजाता कुणी तरी बघेल, असं वाटलं.

मग एका माणसाने तिथे लाल रंग दिलेला लोखंडी गज ठोकला.

"खूण कशाला?" मी शिवलीलेला विचारलं.

ती गजाकडे बघत म्हणाली, "पावसाळ्यानंतर खनायचं हाय, आत्या. मांस गळून जातं, हाडं ऱ्हातात. विस्कटू नयेत म्हनून जाळी. सांगाडा जोडून ठिवतेत, पोरांना शिकवायला."

मी सरांच्या खोलीपर्यंत गेले. दारात उभी राहिले. ते म्हणाले, "या मावशी, बसा." मी बसले नाही. म्हटलं, "सायेब, त्याला माती दिली हाय. आता काढू नका."

त्यांनी चष्मा काढला. "मावशी, समजतंय मला. पण कासवाचा सांगाडा आमच्याकडे नाही. उद्या दुसरं आलं तर आतली रचना मुलांना माहीत हवी. त्याचा उपयोग होऊ दे." ते खोटं बोलत नव्हते आणि वाईटही बोलत नव्हते. मी "हाव" म्हटलं आणि बाहेर आले.

हौद रिकामा झाला, माझं काम संपलं. निघताना सुलूने कोकमाची पुडी हातात दिली. "परत ये गो लोणच्या." मी मान हलवली. येणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. घाट चढताना या वेळी उलटी झाली नाही. लातूरला उतरले तेव्हा तोंडात धूळ गेली आणि आपल्या गावाकडे आल्याचं कळलं.

दिवाळीच्या सुमारास शिवलीलेने दिरांच्या फोनवर फोटो पाठवला. पांढरी स्वच्छ हाडं, तारेने जोडलेली, एक पाय नसलेली, काचेच्या कपाटात. खाली पाटी होती. मी अक्षर अक्षर लावून वाचली. कुठे सापडलं, कशाने मेलं, सगळं लिहिलं होतं. शाळेची मुलं काचेला नाक लावून बघत होती.

दीर म्हणाले, "हाडं बी टांगून ठिवल्यात! काय मानसं म्हनावं!"

मी फोटोकडे बघत राहिले. त्याला बाहेर काढू नका म्हणून मी सरांच्या दारात गेले होते. आता त्याच्यापुढे जाऊन उभं राहता येतं. त्याची हाडं कुठे आहेत हे त्या मुलांनाही माहीत आहे.

"भाऊजी," मी विचारलं, "तवा राख आनली असती तर कुठं ठिवली असती?"

त्यांनी फोन बंद करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "आपल्यात राखंला जागाच न्हाई, वैनी."

दुसऱ्या दिवशी ते मला सासऱ्यांच्या समाधीवर घेऊन गेले. गवत वाढलं होतं. त्यांनी खुरप्याने समाधीभोवतीचं काढलं आणि मग शेजारच्या मोकळ्या जागेतलंही काढू लागले. मी बघत होते. जागा साफ झाली तेव्हा हात झटकून, खाली बघत, फार मायेने ते म्हणाले, "ही जागा आता तुमालाच हाय."

मी बेलाचं पान सासऱ्यांना वाहिलं. दुसरं, मालकांच्या नावाचं, पदराला बांधून घरी आणलं.