लालासाहेबांचा डावा कोपरा

लालासाहेब शेडग्यांच्या घरात त्यांना विचारल्याशिवाय मिठाची बरणीसुद्धा जागची हलत नसे, आणि त्यांच्या लेकीनं, संयोगितेनं, दिवाळीत त्यांचा अख्खा कॉम्प्युटर हलवला. टेबलावरून नव्हे, आतून. वाईट मनानं नव्हे हो, उलट लय मायेनं. मायेनं केलेल्या कामाची हीच पंचाईत असते, समोरच्याला धड रागावताही येत नाही.

लालासाहेब म्हणजे फौजेच्या सिग्नल्समधले, संदेशवहन खात्यातले, निवृत्त हवालदार. साताऱ्याजवळच्या गावात घर, बायको वारलेली, एकटेच राहणार. फौजेत लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली शिकले आणि पेन्शनीवर आल्यावर ते खूळ वाढलं. बाकीचे माजी सैनिक आंब्याची कलमं लावतात, सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहतात. ह्या गड्यानं घरी बसून डेस्कटॉप बांधला. डेस्कटॉप म्हणजे पडद्यावर आपल्याला जे दिसतं ते सगळं: खालची पट्टी, मेनू, उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या खिडक्या. तुम्ही-आम्ही तो तयार घेतो, रेडिमेड शर्टासारखा. लालासाहेबांनी त्याचं कापडच उतरवून घेतलं, म्हणजे लोकांनी लिहून फुकट खुला ठेवलेला सोर्स कोड, आणि त्यात फेरफार करून आपल्या मापाचा शिवला.

त्यावर बसून ते गावातल्या वीरपत्नींचे, म्हाताऱ्या फौजींचे पेन्शनीचे अर्ज भरायचे. नोव्हेंबर आला की हयातीचे दाखले, आणि मग पडवीत चपलांना जागा पुरायची नाही. लालासाहेब खुर्चीत ताठ बसून ओरडायचे, "एकेक जण या रं! हितं काय रेशनचं दुकान हाय?" मनातून मात्र खूश असायचे.

संयोगिता सांगलीला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला. भाऊबीजेला माहेरी आली आणि सहज तात्यांचा, म्हणजे बापाचा, कॉम्प्युटर लावला तर काय, काळ्या पडद्यावर अंगठ्याएवढी पिवळी अक्षरं. जी खिडकी उघडावी ती वरच्या डाव्या कोपऱ्यातच उघडायची, एकीवर एक, आणि बाकीचा पडदा रिकामा. 'काय भंगार करून ठेवलंय तात्यांनी!' असं म्हणून तिनं, तात्या शेजारी फराळ पोचवायला गेलेत तेवढ्यात, सगळ्या सिस्टीमला नवं अपडेट मारलं. तात्यांनी शिवलेला डेस्कटॉप पुसला गेला, पडदा चकाचक झाला. बाई समाधानानं सांगलीला निघून गेल्या.

पुढं फोन आला तो तात्यांचा नव्हे, धोंडुबाईचा. धोंडुबाईचे मालक लालासाहेबांच्याच पलटणीत होते, आणि त्यांच्या माघारी तिची सगळी कागदपत्रं लालासाहेबच बघत.

"संयू, तुझ्या बानं अर्ज भरायचं बंद केलंय. डोळं आल्यात म्हनतोय. दिवाळीपासनं कुनाचं डोळं येत असत्यात व्हय गं?"

त्यापाठोपाठ थोरल्या भावाचा, इंद्रजितचा फोन. तो साताऱ्यात एमआयडीसीत नोकरीला, फ्लॅट तिथंच. म्हणाला, "शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन जातोय. तात्यांना कायमचं माझ्याकडं आणतो. विचारलं मी, बरं म्हणाले."

बरं म्हणाले! आठ वर्षं दोघं भावंडं हात जोडत होती, आणि हा माणूस 'माझ्या घरातनं मला चौघंच नेतील' म्हणून त्यांना वाटेला लावत होता. तो बरं म्हणाला?

शनिवारी तिनं सांगलीहून पहिली एसटी धरली. घरात शिरली तर सोप्यात फौजेतली काळी ट्रंक भरून, कुलूप लावून ठेवलेली. तात्या खुर्चीत. "आलीस? चहा टाक," म्हणाले, बाकी काही नाही.

धोंडुबाई आधीच येऊन बसली होती. संयोगितेनं कॉम्प्युटर लावला आणि तिचा अर्ज बोलता बोलता भरून टाकला. धोंडुबाई हरखली, "आगं बया! झालं बी?" आणि संयोगितेनं मागं वळून बघितलं. तात्या हसत होते. बळंच हसत होते.

"बघ की," ते म्हणाले, "कसं सोपं हाय. मी उगं बसायचो घोळ घालत."

तेव्हा तिला कळलं की आपण काय मोडलंय. अर्ज कुणीही भरेल, पोस्टातला पोरगाही भरेल. पण ते भरणारा लालासाहेब ह्या घरात उरला नव्हता. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि स्वतःचाच इतका राग आला की कपबशी आपटली तिनं.

"तात्या, मी तुमचा जुना बांधते परत."

"जमायचं न्हाई. कोड जुना, सिस्टीम नवी. दोघांची भांडणं लागत्यात."

"दादा यायच्या आत बांधला तर?"

लालासाहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "झाला तर ऱ्हातो. न्हाई झाला तर ट्रंक भरलेलीच हाय."

मग काय, बसली पोरगी पदर खोचून. तात्यांनी फेरफार केलेला कोड कॉम्प्युटरच्या एका फोल्डरात जसाच्या तसा होता, पण तो नुसता असून भागत नाही. तो मशीनला कळेल असा घडवून घ्यावा लागतो, एकेक भाग, ठरल्या क्रमानं. आधी पायाचे भाग, मग पट्टी, मग मेनू, मग खिडक्या सांभाळणारा. मधला एक अडला की पुढचा हलत नाही. आणि पहिलाच अडला. पडद्यावर लाल ओळींचा नुसता पाऊस.

"तात्या, मेलं हे! शंभर चुका दाखवतंय."

"शंभर नसत्यात. वर जा. पहिली चूक वाच. खालच्या सगळ्या तिची पिलावळ."

तिनं वाचली. खरंच, एकच होती. जुन्या कोडानं हाक मारलेलं एक नाव नव्या सिस्टीमनं बदललं होतं. ते सुधारलं तर दुसरी निघाली. दुसरी मिटवली तर तिसरी. ती वाचायची, तात्या डोळे मिटून ऐकायचे, कधी सांगायचे, कधी दोघं भांडायची. "तुमी ऐकतच न्हाई!" "तू नीट वाचत न्हाईस!" धोंडुबाई घरी जायचं सोडून दारात बसून राहिली. हे काय चाललंय ते तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण उठवत नव्हतं.

मेनूपर्यंत गाडी आली आणि लाइट गेली. इन्व्हर्टर जुना, त्याची बॅटरी कधीच बदलायला झालेली. धोंडुबाईनं न सांगता पंखा बंद केला, फ्रिजची पिन काढली. पडद्यावरच्या ओळी सरकत होत्या, आणि कोपऱ्यात इन्व्हर्टर पिकपिक करत होता. पिकपिक जवळजवळ व्हायला लागली. "दम धर रं, दम धर," लालासाहेब इन्व्हर्टरला म्हणाले. त्यानं दम धरला नाही. पडदा काळा झाला.

ती वेळ कशी गेली ते विचारू नका. संयोगिता सोप्यातून परड्यात आणि परड्यातून सोप्यात. ऊन कलायला लागलं, इंद्रजितचा 'निघालो' म्हणून फोनही येऊन गेला, तेव्हा कुठं लाइट आली. मोडलेलं तेवढंच परत घडवायला लागलं, एवढी देवाची कृपा.

शेवटी खिडक्या सांभाळणारा भाग. तोही अडला. संयोगितेनं ती फाइल उघडली, वाचली, आणि तिचे हात कीबोर्डवरच थांबले.

खरं तर नवी खिडकी उघडताना मशीन रिकामी जागा शोधतं. ते शोधणंच तात्यांनी छाटून टाकलं होतं. कुठलीही खिडकी असो, साधी सूचना असो, तिनं इथंच उघडायचं. डावीकडून एवढं, वरून एवढं, रुंदी एवढीच. सगळीकडं तेच आकडे. आणि तिला मिरजेचा डोळ्यांचा दवाखाना आठवला. डॉक्टर म्हणाले होते, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची. बाहेर आल्यावर तिनं विचारलं होतं, "तात्या, कितपत दिसतंय?" आणि तात्या म्हणाले होते, "सगळं दिसतंय. तू रस्ता बघ."

सगळं कुठलं? ह्या माणसाला एवढंच दिसत होतं, ह्या कोपऱ्याएवढं. आणि ते कुणाला सांगायला लागू नये म्हणून त्यानं अख्खा डेस्कटॉप त्या कोपऱ्यात आणून बसवला होता. तोच आपण भंगार म्हणून पुसला. आणि पुसल्यावर परत बांधायला म्हणून बसावं तर त्याला पडदाच दिसेना. तिला मागं वळून त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण तिनं ओठ दाबले, खोडा घालणारी ओळ सुधारली आणि घडवायला लावलं.

दारात हॉर्न वाजला. इंद्रजित आला, चपला काढतानाच म्हणाला, "झाली का तयारी?" आणि ट्रंकेच्या कडीला हात घातला.

"थांब दादा!" संयोगिता ओरडली.

पडदा काळा झाला, क्षणभर तसाच राहिला, आणि पिवळी अक्षरं उमटली. अंगठ्याएवढी. डाव्या कोपऱ्यात खिडकी उघडली, तात्यांच्या आकड्यांवर, तंतोतंत. धोंडुबाईनं टाळी वाजवली.

"या तात्या. बसा."

लालासाहेब बसले, माउस धरला. पाठ ताठ. खिडकीत एक प्रश्न आला होता, जुनी मांडणी ठेवायची का, आणि खाली हो-नाहीची बटणं. तात्यांनी बटण दाबलं. म्हणजे दाबल्यासारखं केलं. बाण बटणापासून वीतभर लांब होता.

"झ्याक!" ते मोठ्यानं म्हणाले. "दिसतंय सगळं. पहिल्यासारखं झालं बघ."

इंद्रजितच्या खांद्यावरचं ओझंच उतरलं. "मग काय, राहताय तर इथंच? बरं बाबा, तुमची मर्जी." त्यानं कडी सोडली.

प्रश्न पडद्यावर तसाच होता. तात्यांनी मान किंचित तिरकी केली, मग आणखी तिरकी. ते खिडकी शोधत होते. संयोगितेनं ते बघितलं. म्हणजे मधल्या दिवसांत नजर आणखी गेली होती. जिथं दिसत होतं तिथंही आता दिसत नव्हतं.

आता बोलावं तर भाऊ आत्ताच्या आत्ता त्यांना गाडीत घालणार. न बोलावं तर तात्या राहतील, आणि उद्यापासून न दिसणाऱ्या पडद्यासमोर ताठ बसून सगळ्यांना 'डोळे आलेत' सांगत राहतील, एकटे. दिवसभर इतका जिवाचा आटापिटा केला तो ह्याच्यासाठी?

"तात्या, त्या खिडकीत काय लिहिलंय ते वाचा."

"दिसतंय म्हनलं न्हवं?"

"वाचा मग."

लालासाहेब भडकले. "मला परीक्षा द्यायला बसवलंय का तुमी? आं?" त्यांचा आवाज फाटला. इंद्रजित काही बोलणार तोच तिनं हात वर करून त्याला थांबवलं, आणि तात्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.

"तात्या, मला तिथं आकडे लिहायचे आहेत. जागा मला ठाऊक न्हाई. तुमी सांगितल्याबिगर मला कुठनं कळंल? सांगा की. कुठं दिसतंय?"

लालासाहेबांनी माउस सोडला. चेहरा पडद्याशी नेला, सावकाश इकडून तिकडं फिरवला, आणि मग उजव्या हाताचं बोट उचलून काचेवर ठेवलं. अगदी खाली, डावीकडच्या कडेला.

"हितं," ते म्हणाले. "एवढंच ऱ्हायलंय. चार बोटं."

"बोट काढू नका!" संयोगितेनं कपाळाची टिकली उचकटली आणि बोटाशेजारी काचेवर चिकटवली.

"आगं सवाष्णीनं उघड्या कपाळानं..." धोंडुबाई म्हणायला लागली आणि मधेच थांबून पदरानं डोळे टिपायला लागली. इंद्रजित जवळ आला, टिकलीकडं बघत राहिला. "एवढंच?" तो हळूच म्हणाला. "तात्या, मला तरी सांगायचं..." आणि ट्रंकेवरच बसला.

संयोगितेनं टिकलीपासून कडेपर्यंत बोटांनी अंतर मोजलं, आकडे बदलले. अक्षरं आणखी मोठी केली. खिडक्यांचा तेवढाच भाग परत घडवायचा होता. पडदा काळा झाला, परत उजळला, आणि खिडकी टिकलीपाशी उघडली. तात्या पुढं वाकले.

"जुनी... मांडणी... ठेवायची का," त्यांनी एकेक शब्द वाचला. बाण हळूहळू नेला आणि नाहीवर दाबला. "जुनी कशाला आता," म्हणाले.

धोंडुबाई खो खो हसली. इंद्रजितला मात्र हसू येईना. जबाबदार माणूस तो. म्हणाला, "तात्या, आज झालं. उद्या हे पण सरकलं तर? मग काय करणार?"

संयोगितेनं तात्यांकडं बघितलं. ते अजून काचेवरची टिकली चाचपत होते.

"सरकलं तर सांगीन की तुमाला," लालासाहेब म्हणाले. "संयू, जाताना टिकल्यांचं पाकीट तेवढं हितं ठिवून जा."